कावळा डूख धरतोय, पितर नव्हं

वर एकानं लिहिलंय की रोज एकच कावळा डोक्यात टोचा मारतोय आणि आजी म्हणत्यात पितरांचं कायतरी राहिलंय. भावा, तू त्याच्या घरट्याजवळ गेला असणार बघ. सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्राध्यापक जॉन मार्झलफनी २००६ साली आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून ७ कावळे पकडले, पायात रिंगा घातल्या नि सोडून दिले, मग तो मुखवटा घालून कोणबी फिरलं की कावळे कावकाव करत मागं लागायचे, आणि गंमत म्हणजे पकडलेलेच नाही तर बाकीचे पण! तुलनेसाठी दुसरा मुखवटा होता अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनींचा, त्याला मात्र गपगुमान जाऊ द्यायचे (एवढं मोठं पद असून काय किंमत नाही).

मी शिवाजी पेठेत गच्चीवर टाकीमागं पडलेलं पिल्लू उचलून कठड्यावर ठेवलं, मदतच की ती, पण पुढं महिनाभर वाळवण काढायला गेलो की मागनं टपली, शेवटी हेल्मेट घालून पापड गोळा केले. आई शेजारीच उभी, तिला काय नाही!

उद्या तोंडाला रुमाल नि मोठा गॉगल लावून जा, काय होतंय ते सांग इथं.