मदत हवी आहे: वसाहतीच्या दुरुस्तीसाठी सरकारी कर्जरोख्यांतून निधी, अर्ज कुठे करायचा?

खाडीपट्टा
आमच्या वसाहतीच्या तीन इमारती गळतात. स्लॅबच्या खपल्या पडतात, सळया दिसायला लागल्यात. राज्य सरकार कर्जरोखे काढतं आणि त्या पैशांतून अशा इमारतींच्या दुरुस्तीला निधी देतं असं कळलं. अर्ज कोणत्या कार्यालयात द्यायचा? कोणाकडे नमुना असेल तर इथे टाका. पावसाला अडीच महिने राहिलेत, लवकर सांगा. पुनर्विकासाचे सल्ले नकोत.

जांभाचिरा
इमारती कोणाच्या? म्हाडाने बांधून सोसायटीला दिलेल्या, सार्वजनिक बांधकाम विभागाची निवासस्थानं, की पालिकेच्या? किती मजले, कोणत्या सालच्या, सातबारावर नाव कोणाचं? हे कळल्याशिवाय कोणीच काही सांगू शकणार नाही.

वरचीआळी
म्हाडाचं दुरुस्ती मंडळ असतं की. तिथे अर्ज द्या, उपकरातून, म्हणजे दुरुस्तीसाठी घेतलेल्या जादा करातून, दुरुस्ती करून देतात.

जांभाचिरा
@वरचीआळी, ते मंडळ मुंबई शहर बेटावरच्या उपकरप्राप्त इमारतींसाठी आहे. १९७६ च्या म्हाडा कायद्यातलं ते प्रकरण कोकणाला लागू नाही. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे कोकण मंडळात येतात आणि इथे दुरुस्तीचा उपकरच घेतला जात नाही. त्यांना चुकीच्या दाराशी पाठवू नका, दोन महिने तिथेच जातील.

खाडीपट्टा
पालिकेच्याच. सफाई कामगारांची क्वार्टर्स, रत्नागिरी जिल्हा, 'क' वर्ग (सगळ्यात लहान वर्गातली) नगरपरिषद. तळमजला अधिक दोन. पालिका म्हणते निधी नाही. मी रोख्यांबद्दल विचारलंय, त्याचं कोणी सांगेल का?

दरसूची
रोख्यांचं सांगतो. राज्याचे कर्जरोखे रिझर्व्ह बँक लिलावाने विकते. तो पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि तिथून अर्थसंकल्पातल्या लेखाशीर्षांमधून बाहेर पडतो. रोख्यांच्या पैशावर थेट अर्ज करायची सोयच नाही, म्हणून नमुनाही नाही. पालिकेने स्वतःचे रोखे काढणं ही वेगळी गोष्ट. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे काढले. त्याला पतमानांकन, लेखापरीक्षण झालेले ताळेबंद आणि परतफेडीसाठी राखून ठेवलेलं उत्पन्न लागतं. 'क' वर्ग नगरपरिषदेला ते झेपणारं नाही.

तुम्हाला मागायचाय तो योजनेतला निधी. नगरोत्थान महाभियान या शहरांच्या कामांसाठीच्या राज्य योजनेचा जिल्हास्तर हे पहिलं दार, नगर विकास विभागाचं वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान हे दुसरं. दोन्हीकडे अर्जदार नगरपरिषद असते, रहिवासी नाहीत. तुमचं काम पालिकेकडून पूर्ण प्रस्ताव तयार करून घेणं: स्थावर मालमत्ता नोंदवहीचा उतारा, संरचनात्मक तपासणीचा अहवाल, राज्य दरसूचीनुसार (सरकारने ठरवलेल्या कामांच्या दरांनुसार) अंदाजपत्रक, सर्वसाधारण सभेचा ठराव (प्रशासक असेल तर प्रशासकाचा), तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रकाला अभियंत्याची मंजुरी). मग तो जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेत जातो. अंदाजपत्रक पालिकेच्या अभियंत्याच्या मर्यादेपलीकडे गेलं तर तांत्रिक मान्यता वरून आणावी लागते आणि बहुतेक प्रस्ताव तिथेच अडकतात. ठरावात तिन्ही इमारतींची नावं आणि मालमत्ता क्रमांक हवेत. 'वसाहत दुरुस्ती' एवढंच लिहिलेलं असलं की कागद परत येतो.

सुरुबन
पंतप्रधान आवास योजनेतून अडीच लाख मिळतात. प्रत्येकाने वेगळा अर्ज करावा.

दरसूची
@सुरुबन, त्यात स्वतःची जागा लागते आणि नवं घर बांधणं बसतं. भाड्याच्या क्वार्टरची दुरुस्ती बसत नाही. श्रमसाफल्य आवास योजना सफाई कामगारांसाठीच आहे, पण तीही घर देण्याची योजना आहे, स्लॅब दुरुस्त करण्याची नव्हे.

मिठागर
निधीआधी अहवाल बघा, सगळं त्यावर ठरतं. संरचनात्मक तपासणीत चार वर्ग असतात: सी-१ म्हणजे पाडा, सी-२अ म्हणजे खाली करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्ती, सी-३ किरकोळ. सी-१ आला की दुरुस्तीचा निधी विसरा, उलट धोकादायक इमारतीची नोटीस येते, पाणी-वीज तोडली जाते. तुमचा वर्ग कोणता?

खाडीपट्टा
सी-२ब. अहवाल गेल्या वर्षीचा. त्यात फक्त रिबाउंड हॅमरचे आकडे आहेत.

मिठागर
मग अहवाल अपुरा आहे. हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो, आत सळई किती गंजली ते नाही. निदान तीन चाचण्या मागा: हाफ-सेल (सळईचा विद्युत दाब मोजतात; उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर), फिनॉल्फ्थेलिन या रंग बदलणाऱ्या द्रावणाने कार्बोनेशनची (हवेमुळे काँक्रीटचा अल्कलीपणा गेल्याची) खोली, आणि क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश. कोकणात क्लोराइड सोडूच नका. ड्रिलची भुकटी ० ते २०, २० ते ४०, ४० ते ६० मिलिमीटर अशी वेगवेगळी काढायला सांगा. आत जाताना प्रमाण कमी होत गेलं तर खारं वारं बाहेरून शिरलंय. सगळीकडे सारखंच निघालं तर बांधतानाच खाडीची वाळू न धुता वापरलेली आहे आणि मग नुसत्या ठिगळांनी काही होणार नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाची क्लोराइडची मर्यादा घनमीटर काँक्रीटला ०.६ किलो आहे.

कोबा_वाला
एवढं कशाला? गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घाला, गळती थांबते. जुन्यावरच नवा थर दिला तरी चालतो.

मिठागर
नाही चालत! साडेचार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर वजन. ये-जा असलेल्या गच्चीला माणसं-सामानाचा भार धरतात तो चौरस मीटरला दीडशे किलो. गंजलेल्या स्लॅबवर दुसरा थर चढवला की खाली झोपलेल्या माणसाचा जीव धोक्यात घालतोय आपण. आधी जुना थर काढायचा, उतार दुरुस्त करायचा, मगच नवं.

वरचीआळी
पत्र्याची शेड हाच उपाय. पाऊसच स्लॅबला लागत नाही.

जांभाचिरा
३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन पट्ट्यात आदळलं तेव्हा किती छपरांचे पत्रे उडाले आठवा. शेडचे पाय गंजलेल्या स्लॅबमध्ये बोल्ट मारून बसवले तर वारा पत्र्याबरोबर काँक्रीटही उपटतो. पाय कॉलमच्या डोक्यावरच हवेत आणि तेही कॉलम दुरुस्त झाल्यावर. शिवाय शेडने आधीच आत गेलेलं मीठ बाहेर येत नाही.

सुरुबन
समुद्राजवळ असाल तर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी लागेल, वर्षभर जाईल.

दरसूची
अधिकृत इमारत असेल आणि जोतं, चटईक्षेत्र वाढत नसेल तर किनाऱ्यालगतच्या नाविकास (नवं बांधकाम बंद असलेल्या) पट्ट्यातही दुरुस्तीला मनाई नाही. इमारत अधिकृत असल्याचा कागद प्रस्तावाला जोडा, विषय संपला.

मिठागर
अंदाजपत्रकात कुठे चुकतं ते सांगतो. दिसणाऱ्या खपल्यांचंच क्षेत्र मोजतात. प्रत्येक बीम आणि स्लॅब हातोडीने ठोकून जिथे पोकळ आवाज येतो तिथे खडूने रेघ मारा आणि ते मोजा, बरंच जास्त निघतं. नाहीतर काम अर्ध्यात थांबतं आणि सुधारित मान्यतेत वर्ष जातं. काँक्रीट सळईच्या मागे २० ते २५ मिलिमीटर जाईपर्यंत फोडायचं, फक्त पुढून खरवडून नाही. सळईचा छेद चतुर्थांश कमी झाला असेल तर शेजारी नवी सळई. मग सळईला झिंक प्रायमर, जुन्या-नव्या काँक्रीटला चिकटवणारा बाँडिंग कोट आणि पॉलिमर मॉर्टरचे पातळ थर. क्लोराइड असेल तर ठिगळाच्या कडेला नव्याने गंज धरतो, तिथे झिंकचे बळी-धनाग्र (सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) बसवायची बाब अंदाजपत्रकात आधीच हवी. पाणी मारायला खाडीलगतच्या विहिरीचं खारं पाणी नको, आरसीसीसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम क्लोराइडच्या वर चालत नाही.

खाडीपट्टा
हे कोणीच सांगितलं नव्हतं. क्लोराइड चाचणी आणि ठोकून मोजमाप, दोन्ही पत्रात घालतो. पण निधी येईपर्यंत पाऊस लागणार. तोवर काय?

जांभाचिरा
टेकू. फक्त वरच्या मजल्याला नाही, तळमजल्यापासून एकाच रेषेत, म्हणजे वजन जमिनीपर्यंत उतरतं. बीमखाली साधारण मीटर-सव्वा मीटरवर लोखंडी टेकू, खाली-वर फळी. कोणता बीम आधी ते अभियंत्याकडून लेखी घ्या.

खाडीपट्टा
टेकूंचा खर्च कोणी करायचा?

दरसूची
पालिकेने. धोक्याच्या वेळी तातडीचं काम हुकूम देऊन करण्याचा अधिकार नगराध्यक्षांना कायद्याने आहे, नंतर सभेपुढे ठेवायचं. प्रशासक असेल तर त्याच्या सहीने. पत्राला सी-२ब चं पान आणि उघड्या सळयांचे तारखेसकट फोटो जोडा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.