सल्ला हवा: फ्लाय फिशिंगचा पहिला रॉड. खाडीतला जिताडा आणि तीर्थनचा ट्राउट, दोन्हींना एकच चालेल का? (बजेट १५,०००)

कातळावरचा
नमस्कार मंडळी. स्पिनिंग रॉडवर गरवण्याची सवय आहे, फ्लायमध्ये (गळावर बांधलेलं हलकं नकली आमिष) मात्र पाटी कोरी. रत्नागिरीजवळच्या खाडीत जिताडा आणि तांबोशी, एप्रिलच्या सुरुवातीला हिमाचलात तीर्थनला चार दिवस ट्राउट, आणि जमलं तर उजनीच्या बॅकवॉटरला मरळ. प्रश्न तीन: रॉड किती नंबरचा? रील साधं चालेल की सीलबंद ड्रॅगचंच (पळत्या माशाला रोखणारा ब्रेक, आत पाणी न जाणारा) हवं? लाइन कुठली? रॉड, रील, लाइन सगळं मिळून १५,०००, फार ताणलं तर १६. कृपया बजेट वाचून उत्तर द्यावं.

खाडीचा_राजा
८ नंबर, ९ फूट, चार तुकड्यांचा. डोळे मिटून घ्या. माझा रॉड २२ हजारांचा, रील वेगळं १८. आठ वर्षं खाऱ्या पाण्यात आहे, एक रिंग हललेली नाही. स्वस्तातलं घ्याल तर दोनदा घ्याल.

कातळावरचा
राजे, बजेट १५ आहे.

खाडीचा_राजा
मग थोडं थांबा आणि साठवा.

पुणेरी_गळ
८ नंबरने ट्राउट म्हणजे मुंगी मारायला मुसळ. तीर्थनला तुम्ही १२ ते १६ नंबरच्या गळावरच्या (इथे नंबर मोठा तितका गळ बारीक) फ्लाय टाकणार, टिपेट, म्हणजे फ्लायजवळचा शेवटचा बारीक दोरा, ५एक्स. हे ५एक्स म्हणजे काय तेही सांगतो, कारण दुकानदार सांगत नाहीत. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरतील तितके हजारांश इंच जाडी. ११ वजा ५ म्हणजे ६ हजारांश, साधारण ०.१५ मिमी. इतक्या बारीक दोऱ्याला ८ नंबरचा ताठ रॉड झटका देतो, मासा वळला की दोरा तुटतो. रॉड वाकला पाहिजे, म्हणजे झटका तो खातो. ५ नंबर घ्या, आधी कास्टिंग शिका, खाडीचं नंतर बघू.

जर्सीवाला_बंड्या
इकडे न्यू जर्सीत समुद्रातल्या स्ट्राइप्ड बास माशाला ९ नंबरच्या खाली कोणी बघत पण नाही. वाऱ्यात फ्लाय जातच नाही हो. ९ घ्या, १० घेतलात तर उत्तम.

पुणेरी_गळ
बंड्याशेठ, त्यांना तीर्थनला जायचंय, अटलांटिकवर नाही.

मांडवीतीर
आमच्याकडे गोव्यात ज्याला चोणक म्हणतात तोच तुमचा जिताडा ना? मग ८ नंबर बरोबर. पण रॉडच्या नंबरावरून भांडण्याआधी हा नंबर मुळात कशाचा ते नव्या माणसाला सांगा की कोणीतरी. स्पिनिंगमध्ये आमिषाचं वजन दोरा ओढून नेतं. इथे उलटं आहे. फ्लायला वजनच नसतं, लाइनचं वजन फ्लायला नेतं. त्यामुळे नंबर खरा लाइनचा असतो: पहिल्या ३० फुटांचं वजन, ग्रेनमध्ये. ५ नंबर १४० ग्रेन, ६ नंबर १६०, ७ नंबर १८५, ८ नंबर २१०. म्हणजे ५ नंबरची लाइन साधारण ९ ग्रॅम आणि ८ नंबरची साडेतेरा. आता सांगा, ९ ग्रॅमची लाइन शिसाचे डोळे लावलेली १/० ची क्लाउझर (मोठ्या गळावरची, छोट्या माशासारखी जड फ्लाय) वाऱ्याविरुद्ध कशी उलटवणार? ती मध्येच पडते, आणि पडली तर डोक्यात.

त्यातही सध्या बऱ्याच कंपन्या लाइन मुद्दाम अर्धा-एक नंबर जड बनवतात. नवख्याला रॉड लगेच वाकल्यासारखा वाटावा म्हणून. खोक्यावर ग्रेन छापलेले असतात, ते वाचून घ्या.

खाडीचा_राजा
तेच म्हणतोय मी. ८.

तांबोशी_रायगड
चोणक आणि जिताडा एकच की वेगळे यावर एकदा निकाल लावा. आमच्याकडे तळ्यातला जिताडा वेगळा लागतो चवीला.

मांडवीतीर
मासा एकच, लॅटेस कॅल्केरिफर. पाणी आणि खाणं बदललं की चव बदलणारच. तो खाऱ्या पाण्यात जन्मतो, गोड्यात वाढतो, आणि जन्माला येतो तो नर म्हणून. काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठे ते जवळजवळ सगळे माद्याच. मोठा लागला तर फोटो काढून सोडा.

तांबोशी_रायगड
आठ किलोचा जिताडा सोडा म्हणे! घरी काय सांगू?

मरळप्रेमी_भिगवण
मरळीबद्दल कोणी बोललंच नाही. मरळ पाण्यावर येते, त्यामुळे गर्गलर लागतो, वर तरंगणारा, ओढला की बुडबुड करणारा. विकत घेऊ नका. स्टेशनरीच्या दुकानात २ मिमीची क्राफ्ट फोम शीट मिळते, तिची १ सेंमी रुंद पट्टी कापून २ नंबरच्या गळावर बांधायची. शेपूट गळाच्या वाकाकडे, तोंडाशी दुमडून ओठ उभा ठेवायचा. शेवाळात अडकू नये म्हणून ३० पौंडी जाड नायलॉनचा फास गळाच्या टोकापुढून आणून डोळ्याशी बांधा. फास फार ताठ ठेवला तर मासाही लागत नाही, बोटाने दाबून सहज बसला पाहिजे.

पावसाळ्यात लाल पिलांचा घोळका पाण्यावर उकळल्यासारखा दिसतो, खाली मरळीची जोडी राखणीला असते. तिथे फ्लाय टाकली की शंभर टक्के हल्ला होतो, आणि म्हणूनच टाकू नका. आई गेली की पिलं दहा मिनिटांत संपतात. आणि धरणाचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असतो, आधी विचारून उतरा.

खाडीचा_राजा
पिलांवरची मरळ सगळेच मारतात.

मरळप्रेमी_भिगवण
म्हणून तर आता चिलापीच उरलीय.

तिथीवाले_काका
रॉड कुठला का घेईनात, पाणी कुठलं धरणार ते महत्त्वाचं. फ्लाय दिसल्याशिवाय मासा घेत नाही, तिला वास नाही की मोठा आवाज नाही. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, खाडीचं पाणी चहासारखं असतं. भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या आसपासचं कमी चढ-उताराचं, पाणी धरा. जुना हिशोब लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती पूर्ण, तिथून बारापर्यंत ओहोटी. पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ, उजेड हवा तेव्हा, आणि दुपारचा खारा वारा सुटायच्या आत काम आटपतं. फ्लायवाल्याला यापेक्षा चांगला दिवस पंचांगात नाही.

ओहोटी लागल्यावर कांदळवनातले छोटे ओहळ जिथे मोठ्या पाण्यात उतरतात तिथे उभं राहायचं. बारीक बोय आणि कोळंबी त्या धारेबरोबर बाहेर येते, जिताडा तोंडावर थांबलेला असतो. फ्लाय धारेच्या वरच्या अंगाला टाकून पाण्याबरोबर येऊ द्यायची, मग आखूड आखूड ओढ. चाळीस फूट कास्ट पुष्कळ झाली.

कातळावरचा
काका, हे सोन्यासारखं आहे. लीडरसाठी (लाइन आणि फ्लायमधला दोरा) वायर लागेल का? जिताड्याचे दात कसे?

खाडीचा_राजा
वायर लावा. मी कायम लावतो.

मांडवीतीर
वायर लावू नका. जिताड्याला कापणारे दात नसतात, तोंड कानशीसारखं खरखरीत असतं. दोरा कापला जातो तो गालाच्या कडेने, ती पात्यासारखी असते. त्याला शेवटचा फूटभर ४० पौंडी जाड नायलॉन पुरतं. वायरने फ्लाय नाक खाली करून मेल्यासारखी चालते आणि चावे निम्म्याने कमी होतात. वायर करली आणि सुरमईला. पूर्ण लीडर असा: ४ फूट ४० पौंडी, अडीच फूट ३० पौंडी, दीड फूट २० पौंडी, टोकाला फूटभर पुन्हा ४०. झाले नऊ फूट. जोडायला डबल सर्जन गाठ, ओली करून ओढायची, कोरडी ओढली की नायलॉन जळून तिथेच कमजोर होतं. फ्लाय मात्र घट्ट गाठीने नको, न सरकणारा छोटा फास ठेवा, म्हणजे जाड दोऱ्यावरही ती हलते.

खडकावरच्या कालवांचा बंदोबस्त मात्र कुठल्याच दोऱ्याने होत नाही. मासा लागल्यावर पहिले पाच सेकंद त्याला वळू द्यायचं नाही. दोरा कालवांवर एकदा घासला की संपलं.

खाडीचा_राजा
माझे चावे कमी होत नाहीत.

तांबोशी_रायगड
वायर नको, ४० पौंडी नायलॉन पुरतं.

मांडवीतीर
हो, वर तेच लिहिलंय.

पुणेरी_गळ
स्ट्राइकबद्दल, म्हणजे चावा आल्यावर गळ रुतवण्याबद्दल, कोणी सांगितलं नाही आणि नवा माणूस इथेच मार खातो. ट्राउटला रॉड वर उचलायचा, हलकेच. जिताड्याला तसं केलंत तर रॉड वाकून सगळा जोर खातो, गळ हाडात रुततच नाही. तिथे रॉडचं टोक माशाकडे सरळ ठेवून डाव्या हाताने लाइन जोरात मागे खेचायची. दोन्हीकडे हिंडणाऱ्या माणसाचा हात गोंधळतो, तीर्थनला खेचतो आणि खाडीत उचलतो. म्हणून म्हणतो, एकच धरा.

आणि मैदानात सराव करताना गळाऐवजी लोकरीचा पिवळा तुकडा बांधा. मागे चाबकासारखा फटका ऐकू आला तर लाइन सरळ व्हायच्या आत तुम्ही हात पुढे आणताय. गळ असता तर तिथेच तुटून गेला असता. मान वळवून मागची लाइन बघायला लाज वाटून घेऊ नका.

कुल्लूचा_जावई
तीर्थनबद्दल. एप्रिलची सुरुवात ठीक, मे उजाडला की बर्फाचं पाणी येऊन नदी गढूळ आणि जोरात होते. ट्राउटला १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते, त्याबाहेर मत्स्य विभागाचं परमिट काढावं लागतं. नॅशनल पार्कच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. मोठ्या दगडांमागच्या शांत पाण्यात मणी लावलेली फेझंट टेल किंवा हेअर्स इअर निम्फ (पाण्याखाली चालणारी, किड्यासारखी फ्लाय), १४ नंबर. फ्लाय तळाजवळ चालली पाहिजे. अधूनमधून दगडाला लागत नसेल तर वरून जातेय, टिपेट फूटभर वाढवा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून घ्या.

आता मुद्द्याचं. सगळे रॉडवर भांडताय, घोटाळा लाइनमध्ये होतो. कोकणात ३२-३३ अंशांत थंड पाण्याची लाइन मऊ पडते, रिंगांना चिकटते, पुढे सरकत नाही. उष्ण पाण्यासाठी बनवलेली लाइन तीर्थनच्या गार पाण्यात स्प्रिंगसारखी वेटोळी घेऊन बसते, हाताने ताणली तरी पुन्हा वळते. म्हणजे रॉड एक घ्या नाहीतर दोन, लाइनी दोन लागणारच.

जर्सीवाला_बंड्या
इकडे लाइनच १३० डॉलरची येते चांगली. ९ नंबर.

झिपटाय_झिंदाबाद
स्ट्रिपिंग बास्केट (खेचलेली लाइन ठेवायची कमरेची टोपली) विकत घेऊ नका. प्लास्टिकचा कपड्यांचा छोटा टब, तळाला बारा भोकं, त्यातून केबल टाय खालून वर काढायचे आणि आत तीन इंच उभे ठेवून कापायचे. कमरेला स्कूटरच्या कॅरिअरचा हूकवाला रबरी पट्टा. खेचलेली लाइन त्या काड्यांत बसते, गुंतत नाही. नाहीतर ती पायाखाली, चपलेच्या पट्ट्यात आणि कालवांत जाते. खर्च दोनशेच्या आत.

कातळावरचा
सगळ्यांचे आभार. आज ऑर्डर टाकली. ६ नंबर, ९ फूट, चार तुकडे.

खाडीचा_राजा
६??? कोणी सांगितलं ६?

पुणेरी_गळ
ना घर का ना घाट का.

कातळावरचा
कोणीच नाही सांगितलं. हिशोब असा: रॉड साडेसहा हजार, कॅसेटचं (स्पूल झटकन बदलता येणारं) रील साडेतीन, त्यात प्लास्टिकचे दोन जादा स्पूल येतात. उष्ण पाण्याची एक आणि थंड पाण्याची एक, दोन मध्यम लाइनी मिळून साडेचार. बॅकिंग (लाइनमागचा जादा दोरा), लीडर आणि टिपेटला हजार. झाले साडेपंधरा. ८ नंबर घेतला असता तर दुसऱ्या लाइनीला पैसे उरत नव्हते. मोठी १/० ची क्लाउझर टाकणार नाही, २ आणि ४ नंबरच्या गळावर साखळीच्या मण्यांचे हलके डोळे लावून बांधेन. काकांच्या अष्टमीच्या पाण्यात सकाळी वारा नसेल तर १६० ग्रेनला चाळीस फूट जायला हरकत नसावी. आठ किलोचा लागला तर कालवं आणि तो बघून घेतील.

मांडवीतीर
दोन-अडीच किलोपर्यंत निभेल. तीर्थनला उलट मदतच होईल, जड मणी असलेली निम्फ ६ नंबर सहज टाकतो. पण ते रील सीलबंद नाही. खाडीतून आल्यावर नळाची जोरदार धार मारू नका, मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग घट्ट करून बादलीत गोड्या पाण्याने हळू धुवा, मग ड्रॅग पूर्ण सैल करून स्पूल काढून वाळवा. रील रॉडवरून सोडवायला विसरू नका. रीलच्या पायाखालच्या खाचेत पांढरी पूड जमते आणि महिन्याभरात तिथलं नट फिरतच नाही.

खाडीचा_राजा
वर्षभरात ८ घ्याल. लिहून ठेवा.

तिथीवाले_काका
येत्या अष्टमीला पाच वाजता निघा. सहाला पोहोचून सामान जोडेपर्यंत पाणी उतरायला लागलेलं असतं.

मरळप्रेमी_भिगवण
६ नंबर मरळीला झकास. त्या दोन स्पूलांपैकी कुठला उजनीला लावणार?

कातळावरचा
उष्णवाला. फोम शीट कालच आणली, पण दुकानात फक्त गुलाबी होती.

मरळप्रेमी_भिगवण
पोट काळ्या मार्करने रंगवा. मरळ खालूनच बघते.