टेन्शन कमी करा म्हणजे नक्की करायचं काय?

अंबडवाला_४१:
वय ४१, उंची ५ फूट ७, वजन १०४. अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. तीन महिने डाएट पाळलं, भात निम्मा, साखर बंद, ५ किलो उतरलं आणि आता दीड महिना काटा जागचा हलत नाही. दिवसभर सगळं नीट असतं हो, पण सेकंड शिफ्ट करून साडेबाराला घरी आलो की सगळे झोपलेले असतात आणि मी ओट्यापाशी उभा राहून चिवड्याचा डबा उघडतो, भूक नसते तरी, अर्धा कधी संपतो कळतच नाही. फ्लॅटचा हप्ता, वडिलांचं दुखणं, सुपरवायझरची कटकट चालूच. डाएटिशियन मॅडम म्हणतात टेन्शन कमी करा. अहो कसं, बटण आहे का त्याला? आणि त्याने खरंच वजन उतरतं?

सिडकोची_ताई:
दादा, ‘ओट्यापाशी उभा राहून’ वाचलं आणि हसूच आलं, माझंही तेच, फक्त माझे बुंदीचे लाडू 😄 मला काय उपयोगी पडलं सांगते. वर जायच्या आधी पार्किंगमध्येच गाडीवर बसून पाच मिनिटं श्वास, हात पोटावर, घेताना पोट वर आलं पाहिजे, छाती नाही, आणि सोडायचा अगदी सावकाश. वॉचमनला वाटायचं बाईंचं घरी भांडण झालंय. मग अंथरुणात पडलं की पायाची बोटं घट्ट आवळायची, पाच-सहा सेकंद, एकदम सैल, मग पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे असं वर वर जायचं. मी खांद्यांच्या पुढे कधी गेलेच नाही, झोपच लागते. लाडू वरच्या फळीवर ठेवून मात्र काही होत नाही, घरात स्टूल असतं.

सिस्टर_नाशिकरोड:
नर्सिंगमधून रिटायर झालेय म्हणून सांगते. टेन्शन लांबलं की कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, चढं राहतं, गोड-तळलेलं खावंसं वाटतं, पोट सुटतं. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरलं सांगणारं लेप्टिन कमी होतं. पण नुसत्या श्वासाने किलो उतरत नाहीत बरं का, डाएट आणि चालणं सोडू नका, श्वासाने डब्याकडे जाणारा हात थांबला तरी पुष्कळ. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३६ येतो, आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तेव्हा शुगर, थायरॉइड करून घ्या. घोरता का? दिवसा डुलक्या येतात? मग स्लीप अ‍ॅप्नियासाठी (झोपेत श्वास मधेमधे थांबतो, तो आजार) डॉक्टरांना दाखवा, ते टेन्शन समजून सोडू नका.

मिसळवाला_पंचवटी:
चिवडा सोडा पण रविवारची मिसळ नका सोडू भाऊ, तर्री कमी घ्या, पाव एकच.

अंबडवाला_४१:
सिस्टर, घोरतो. बायको दोन वर्षं हॉलमध्ये झोपते, मला वाटायचं तिला एसी सोसत नाही. सोमवारी दाखवतो. ताई, पार्किंगचं काल केलं. वर येऊन डबा उघडलाच, पण वाटीत काढून खाली बसून खाल्लं, एकच वाटी.