मदत हवी आहे: ट्रेकसाठी घरीच रजई शिवतेय, हलकं कापड कोणतं घेऊ?

मंडळी,

थंडीतल्या ट्रेकसाठी स्लीपिंग बॅगेऐवजी रजई शिवायला घेतली आहे. पायाशी बंद, पाठीखाली उघडी. अंगाखालचं भरण आपल्याच वजनाने चेपतं आणि चेपलेलं भरण ऊब धरत नाही. तिथलं काम मॅटच करते, मग तेवढं ओझं वाहायचं कशाला? इथवर माझं पक्कं आहे. शिवणही येतं, घरात पायाचं मशीन आहे. अडलंय ते कापडापाशी.

वापर डिसेंबर-जानेवारीत: हरिश्चंद्रगड, रतनगड, साल्हेर. पहाटे पारा ५-७ अंशांवर उतरेल असं धरलंय. हिमालय हिच्यावर करायचा नाही. माप २०० बाय १३५ सेंमी, आत १५० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम) पॉलिएस्टर वॅडिंग, म्हणजे भरणाचा कापसासारखा थर.

बाजारात तीन प्रकार दिसले. एक, जॅकेटच्या अस्तराचं १९०टी टफेटा (गुळगुळीत, साध्या विणीचं कापड), साधारण ६० जीएसएम, स्वस्त आणि कुठेही मिळणारं. दुसरं, रेनकोटचं ‘पॅराशूट’ कापड. दुकानदार यावरच अडून बसला होता, “ताई, थेंब आत जाणार नाही.” तिसरं, ऑनलाइन दिसलेलं २० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन रिपस्टॉप, म्हणजे फाट पसरू नये म्हणून चौकटींच्या विणीचं कापड, ३८ जीएसएम, पण किंमत टफेटाच्या कितीतरी पट. १० डेनियरचं त्याहून हलकं आणि त्याहून महाग.

एवढे पैसे घालून खरंच फरक पडतो का? आणि आतून-बाहेरून एकच कापड लागतं का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

पॅराशूट कापड आधी बाद करा. त्याच्या एका बाजूला जो गुळगुळीत थर असतो तो पाणी आत येऊ देत नाही हे खरं, पण अंगातली वाफही बाहेर जाऊ देत नाही. झोपेतही शरीर रात्रभर बाष्प सोडत असतं. ते त्या थराला अडतं, तिथेच थंड होतं आणि वॅडिंगमध्ये उतरतं. सकाळी रजई आतून ओली आणि बाहेरून कोरडी! कोकणकड्यावर दव पडतं म्हणून लोक हेच कापड घेतात. दवासाठी तंबू किंवा वरून टार्प (ताणून बांधायचं ताडपत्रीसारखं छत) असू द्या.

दुकानात करायची परीक्षा सोपी आहे. कापड दुहेरी न करता ओठांना घट्ट लावा आणि फुंका. हवा अजिबात जात नसेल तर कोटिंग आहे. भसकन गेली तर वारा लागेल. जोर लावल्यावर थोडी थोडी गेली की ते आपलं कापड. मग बाहेरच्या बाजूवर पाण्याचे चार थेंब टाका. ते गोळा होऊन ओघळले तर वरून पाणी झटकणारी प्रक्रिया केलेली आहे, तिने वाफ अडत नाही. अर्थात धुण्या-वापरण्यात ती हळूहळू उतरते.

प्रतिसाद

हिशेब मांडू या. २०० बाय १३५ म्हणजे २.७ चौरस मीटर, दोन्ही बाजू मिळून ५.४. दोन्हीकडे टफेटा घेतलं तर ३२४ ग्रॅम, दोन्हीकडे २० डेनियर तर २०५. फरक ११९ ग्रॅम. पायाकडे निमुळती केलीत तर आणखी कमी. तुमची वॅडिंगच ४०५ ग्रॅम आहे! सह्याद्रीत दोन रात्रींसाठी १० डेनियरच्या मागे लागण्यात मला अर्थ दिसत नाही. ते जपावं लागतं, आणि कातळावर, करवंदीच्या जाळीत आपण किती जपतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

माझं मत: बाहेरून २० डेनियर, आतून बिनकोटिंगचं मऊ टफेटा. २६५ ग्रॅममध्ये काम होतं.

लेबलवरच्या आकड्यांत मात्र अडकू नका. ‘टी’ म्हणजे एका इंचातले उभे-आडवे मिळून धागे, आणि डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. दोन्हींतून कापडाचं वजन थेट कळत नाही. ५८ इंच पन्ह्याचा एक मीटर तुकडा घ्या, तो साधारण १.४७ चौरस मीटर भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ८८ ग्रॅम आला तर ६० जीएसएम, ५६ आला तर ३८. विक्रेत्याचं खरं-खोटं तिथेच कळतं.

प्रतिसाद

पायाच्या मशीनवर छान होईल. सुई नवी, ९ किंवा ११ नंबरची. १६ नंबरने मोठी भोकं पडतात. दोरा पॉलिएस्टरचा. टाचण्या फक्त शिलाईच्या मार्जिनमध्ये टोचा, बाकी ठिकाणी कपड्यांचे चिमटे लावा. कापड दातांवरून घसरत असेल तर खाली बटर पेपरची पट्टी घाला, शिवून झाल्यावर ती फाडून निघते.

गोधडीसारखा धावदोरा मात्र घालू नका. टाक्याच्या ओळीवर वॅडिंग चेपते आणि बरोबर तिथून थंडी शिरते. कडा शिवा, आणि वॅडिंग सरकू नये म्हणून वीतभर-दीड वीत अंतरावर हाताने सैल गाठी मारा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल दुकानात कापडं फुंकत बसले तेव्हा शेजारचं गिऱ्हाईक जरा लांब सरकलं! पॅराशूट कापडातून श्वास अजिबात गेला नाही. टफेटाचे दोन नमुने पाहिले, त्यातल्या काळ्यातून हवी तशी हवा जाते. ते आतल्या बाजूसाठी घेतलं. वाळत घातल्यावर काळा रंग उन्हात लवकर तापेल हा आणखी एक फायदा. शेकोटीपासून लांब ठेवणार, एका ठिणगीने भोक पडतं हे मैत्रिणीच्या जॅकेटवर पाहिलंय.

आता बाहेरचं २० डेनियर तेवढं राहिलं. मला सव्वादोन मीटर पुरेल, पण ठोकवाला अख्खा तागाच घ्या म्हणतो. पुण्या-मुंबईत कुणी सुटं देतं का? नसेल तर इथल्या चार-पाच जणांनी मिळून तागा घ्यायचा का? रंग गडद हिरवा किंवा राखाडी चालेल, कोण कोण तयार आहे ते खाली लिहा.