रीमॅपनंतरचा क्लच: सिरॅमिक कशाला?

रीमॅप केलाय, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललंय, तर ‘सरळ सिरॅमिक क्लच डिस्क टाका’ असा सल्ला इथे एकाने दिलाय. रोज ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या गाडीला तो नको. अर्धा क्लच धरला की गाडी थरथरते. स्कोडा लॉरा १.८ टीएसआय या टर्बो पेट्रोल गाडीचा मूळ टॉर्क (इंजिनचा फिरवणारा जोर) २५० एनएम. रीमॅपनंतर ३५० होत असेल, तर ४२० पर्यंत झेपणारं, ऑरगॅनिक डिस्क (नेहमीच्या क्लचसारख्या अस्तराची) आणि कडक प्रेशर प्लेटचं (डिस्क दाबून धरणारी प्लेट) किट बघा. पेडल जड होईल, तेवढं चालतं. बीएचपी नाही, टॉर्क बघायचा: क्लच घसरतो तो वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला टर्बोचा पूर्ण बूस्ट (हवेचा दाब) आल्यावर.

क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरतोच आहे तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं), क्रँकचं मागचं ऑइल सील आणि फ्लायव्हीलचे (क्रँकवरचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) बोल्ट नवेच घाला. सील गळलं तर नवी डिस्कही तेलकट होऊन घसरते. मूळ दोन भागांच्या, स्प्रिंगवाल्या फ्लायव्हीलऐवजी एकसंध सिंगल मास फ्लायव्हील लावलंत तर न्यूट्रलला खडखड येणारच. नवा क्लच नीट बसेपर्यंत पहिले ८०० किमी शहरातच चालवा, फुल थ्रॉटल नको.