सोसायटी ग्रुप : तन्मयच्या पिक्चरचं शूटिंग आणि कागदपत्रं

तन्मय (सी-४०३): नमस्कार मंडळी, मी आणि माझे मित्र मिळून एक मराठी फिल्म करून राहिलो, पूर्ण लांबीची. बजेट म्हणजे आमची सेव्हिंग अन् बाबांनी दिलेले थोडे. मे मधे शूट आहे. आपली गच्ची, बी विंगचा जिना आणि बोरकर काकूंचं किचन हवंय. काकू हो म्हणाल्या. बाकी कोणाची हरकत?

ठाकरे काका (ए-१०१): मे महिन्यात नागपुरात गच्चीवर?? एखादं पोट्टं चक्कर येऊन पडन ना बाप्पा

निखिल (बी-२०२): मी साउंडचं काम करतो म्हणून सांगतो, उन्हापेक्षा मोठा प्रॉब्लेम कूलरचा आहे. ४५ डिग्रीत अख्ख्या कॉलनीचे कूलर चालू असतात, माइकमधे नुसती घरघर येणार आणि लोकांना बंद करा म्हणायची सोय नाही. मग सगळं डबिंग, म्हणजे स्टुडिओचं भाडं आणि कलाकार परत बोलवा. मे कॅन्सल कर

तन्मय: मग डिसेंबर?

गावंडे काका (सेक्रेटरी): डिसेंबरात अधिवेशन असते, सगळे पोलीस बंदोबस्तात. सिव्हिल लाइन्स सीताबर्डीकडे तुला रस्त्यावर कॅमेरा लावायची परवानगी कोण देणार? जानेवारीत कर, पण १४ तारखेच्या आसपास गच्ची विसर, पतंगा, डीजे अन् ओ काट. फेब्रुवारीत दहावी बारावीचे पोरं अभ्यासाले. म्हणजे संक्रांत झाली की लगेच.

गावंडे काका (सेक्रेटरी): आणि किचन काकूंचं असेल, गच्ची अन् जिना सोसायटीचा आहे. कमिटीकडे लेखी अर्ज दे, तारखा, वेळ, माणसं किती, लाइट किती. कॉमन मीटरवरून वायर ओढायची नाही, जनरेटर आण. लिफ्टमधे सामान नाही. डिपॉझिट कमिटी ठरवेल.

तन्मय: काका आपल्याच सोसायटीत अर्ज 😅

ॲड. स्मिता ताई (सी-१०२): हो, आपल्याच. परक्या माणसासोबत आपण कागद करतोच रे, भांडणं होतात ती ओळखीत, कारण तिथे कागद मागायची लाज वाटते. कथा कोणाची आहे ते सांग आधी.

तन्मय: एका जुन्या दिवाळी अंकातली ताई. लेखक १९८७ ला गेले. पटकथा माझ्या मित्राने लिहिली, तो पैसे घेत नाही, घरचाच आहे

ॲड. स्मिता ताई (सी-१०२): बस इथेच थांब. लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो म्हणजे २०४७ संपेपर्यंत, अंकाच्या संपादकांनी चालेल म्हटलं तरी ते पुरत नाही, वारस शोध आणि सही घे. आणि मित्राचं म्हणशील तर तोंडी काही चालत नाही, कॉपीराइट दुसऱ्याच्या नावावर करायचा तर लेखीच लागतो आणि सही लागते. त्यात मुदत नाही लिहिली तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश नाही लिहिला तर फक्त भारत, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तोही जातो, तसं उलट लिहून घेतलेलं नसेल तर. तुझी फिल्म एडिटिंगमधेच वर्ष काढणार, हे मी लिहून देते. पिक्चर चालला आणि बाहेरच्या देशातून कोणी मागितला तर घरच्या मित्राचं तोंड तेव्हा बघ. थोडी का होईना रक्कम लिही, ₹५०० च्या स्टॅम्पवर कर, दोघांनाही बरं पडते.

निखिल (बी-२०२): कॅमेरा, एडिट, म्युझिक, पोस्टरवाला सगळ्यांचं तसंच कर. आणि हार्ड डिस्क एकाच माणसाकडे ठेवू नको, रोज रात्री दोन कॉपी दोन घरी

तन्मय: ओके. एका सीनमधे रेडिओवर जुनं हिंदी गाणं वाजते, बॅकग्राउंडला फक्त, १० सेकंद

ॲड. स्मिता ताई (सी-१०२): १० सेकंद फुकट असतात असा काही नियम नाही, कोणी पसरवलं माहीत नाही. गाण्याचे शब्द-चाल एक हक्क आणि रेकॉर्डिंग दुसरा, दोन्ही लागतात.

बोरकर काकू (बी-३०३): मग गणपतीत आपण वाजवतो ते

ॲड. स्मिता ताई (सी-१०२): काकू कार्यक्रमात वाजवायचं लायसन्स वेगळं, चित्रासोबत जोडायची परवानगी वेगळी. ती म्युझिक कंपनी देते आणि आपल्या तन्मयचं सगळं बजेट त्यातच जाईल. तू एखाद्या ओळखीच्या मुलाकडून जुन्या वळणाचं नवीन गाणं करून घे.

प्राजक्ता (बी-३०१): नागपूरवरून आठवलं, झुंड पिक्चरच्या वेळी पण कोर्टाचं काहीतरी झालं होतं ना

ॲड. स्मिता ताई (सी-१०२): हो, त्यातल्या एका खेळाडूच्या आयुष्यावरचे हक्क आपल्याकडे आहेत असा दावा होता, २०२० मधे तेलंगणातल्या कोर्टाने स्टे दिला होता, पिक्चर आला मार्च २०२२ ला. अमिताभ असलेला पिक्चर होता तो, त्यांच्याकडे वकील होते. तन्मय तुझी कथा कोणा खऱ्या माणसासारखी आहे का?

तन्मय: नाही ताई... म्हणजे गावंडे काकांसारखा एक सेक्रेटरी आहे

गावंडे काका (सेक्रेटरी): काय??

प्राजक्ता (बी-३०१): 😂 बरं, युनिटमधे मुली आहेत ना? रात्रीचं शूट संपल्यावर घरी कोण सोडणार, कपडे बदलायला जागा कुठे, हे आधी ठरव. आणि जेवण वेळेवर, तर्री पोह्यावर दिवस नाही निघत

ॲड. स्मिता ताई (सी-१०२): दहा किंवा जास्त लोक कामावर असले तर २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती लागते. अर्थात छोटं युनिट असलं तरी तक्रार कोणाकडे करायची ते सांगून ठेव.

ठाकरे काका (ए-१०१): माह्या शेरूले घेशीन का? लय ॲक्टिंग करते

ॲड. स्मिता ताई (सी-१०२): काका शेरूसाठी शूटिंगच्या आधी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी लागते, सेन्सॉरवाले तो कागद मागतात. आणि काकूंचा नातू पण आहे म्हणे त्यात, मग जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त ५ तास, सलग ३ तासांच्या वर नाही, आणि त्याच्या कमाईतले २० टक्के त्याच्या नावाने एफडी.

निखिल (बी-२०२): सेन्सॉर थिएटरसाठीच ना पण? यूट्यूब ओटीटीला नाही लागत

ॲड. स्मिता ताई (सी-१०२): बरोबर. पण थिएटरची इच्छा असेल तर आत्ताच ठरवा, नंतर शेरूचा सीन कापावा लागेल. आणि नाव कोल्हापूरच्या चित्रपट महामंडळाकडे नोंदवून घे, त्याच नावाचं दुसरं निघालं तर पोस्टर वाया.

तन्मय: ड्रोन शॉट पण आहे एक

निखिल (बी-२०२): एअरपोर्ट सोनेगावला आहे बे, इथनं कितीक दूर? ड्रोन कुठे उडवता येतो ते सांगणारा सरकारचा डिजिटल स्काय मॅप बघ, लहान ड्रोन असला तरी झोन सुटत नाही. गच्चीवर लांब काठी लाव अन् घे शॉट

गावंडे काका (सेक्रेटरी): अर्ज रविवारच्या मीटिंगमधे ठेव. स्क्रिप्टची एक कॉपी पण. सेक्रेटरीचा भाग मी बघतो.

ॲड. स्मिता ताई (सी-१०२): काकू, किचनचा कागद तुमच्या सहीने नाही होणार हं, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?

बोरकर काकू (बी-३०३): यांच्या आणि दिरांच्या. दीर पुण्याला असतात

ॲड. स्मिता ताई (सी-१०२): मग दोघांची सही.

बोरकर काकू (बी-३०३): पार्किंगच्या भांडणापासून आमचं बोलणं नाही. नंबर देते तन्मय, फोन तूच कर, माझं नाव घेऊ नको

तन्मय: 🙏