पुण्याची नोकरी की मिहानमधली? शैक्षणिक कर्ज असताना निर्णय कसा घ्यावा – मदत हवी आहे

नमस्कार. यंदा नागपुरातून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली असून माझ्यासमोर दोन ऑफर आहेत आणि येत्या आठवड्यात त्यांपैकी एकीला होकार कळवायचा आहे. पुण्यातील कंपनीचे सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा एकूण वार्षिक खर्च) वर्षाला 4,20,000 रुपये आहे, तर मिहानमधील, म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळील उद्योग व आयटी क्षेत्रातील, कंपनीचे 3,24,000. घरच्यांच्या मते पुणेच घ्यावे; मात्र दोन्ही ऑफर लेटर ओळीओळीने वाचल्यावर मला हा प्रश्न तितका सरळ वाटत नाही.

पुण्याच्या आकड्यातील 30,000 रुपये कामगिरीवर अवलंबून आहेत. कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही त्यातच धरली आहे, आणि कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी एरवी पाच वर्षांच्या सलग सेवेनंतरच मिळते. हे सगळे वगळून माझ्या वाट्याचा 1,800 रुपये पीएफ आणि 200 रुपये व्यवसाय कर कापला, तर महिन्याला सुमारे 27,900 रुपये हातात येतील. मिहानच्या पगारात बदलता भाग नाही, आणि 25,000 पर्यंत मासिक वेतन असलेल्या स्त्रियांना महाराष्ट्रात व्यवसाय कर नसल्यामुळे तिथे सुमारे 23,100 मिळतील. म्हणजे कागदावर दरमहा 8,000 दिसणारा फरक प्रत्यक्षात 4,800 इतकाच आहे, आणि पुण्यात मैत्रिणींबरोबर खोली घेतली तरी भाडे व मेस मिळून मी 11,000 धरले आहेत. नागपुरात मी घरी राहीन आणि जयप्रकाश नगरहून मिहानजवळच्या खापरीपर्यंत मेट्रोने जाईन.

खरी काळजी कर्जाची आहे. बँकेचे 4,00,000 रुपये 10 टक्के दराने घेतलेले असून बाबा सहकर्जदार आहेत, त्यामुळे हप्ता चुकला तर माझ्याबरोबर त्यांचाही सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारा गुणांक) खाली येईल, आणि धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पुढे त्यांनाच पुन्हा बँकेत जावे लागणार आहे. अभ्यासक्रम संपल्यापासून वर्षभर हप्ता नाही, परंतु व्याज महिन्याला 3,300 रुपयांच्या वर चढते आणि न भरलेले व्याज पुढे मुद्दलात मिळवले जाते. या काळात नियमित व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सवलत देतात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील प्राप्तिकर वजावटीचा मला उपयोग नाही, कारण नव्या करप्रणालीत ती मिळत नाही आणि या उत्पन्नावर कर लागतच नाही.

केवळ हिशेब पाहिला तर नागपूरच योग्य ठरते. तरीही पुण्यात कंपन्या पुष्कळ असल्याने दोन वर्षांनी नोकरी बदलणे सोपे जाईल, आणि पहिल्या कामाचा अनुभव पुढच्या पगारावर बराच परिणाम करतो, हे मला नाकारता येत नाही. त्यात पुण्याची कंपनी दोन वर्षांचा, दीड लाख रुपयांचा बॉण्ड (मुदतीआधी नोकरी सोडल्यास ती रक्कम भरण्याचा करार) मागते आणि मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगते. करार कायद्याच्या कलम 74 नुसार न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देववते, असे मी वाचले आहे. पण मूळ कागदपत्रे दुसऱ्याच्या ताब्यात देणे मला मुळीच पटत नाही.

मिहानमध्ये सुरुवात करून नंतर पुण्याला किंवा हैदराबादला गेलेल्यांनी कृपया सांगावे, की मुलाखतीत तिथला अनुभव कमी लेखला गेला का? गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती देऊ, मूळ प्रती केवळ पडताळणीला दाखवू, असे कंपनीला लेखी कळवल्यास ऑफर मागे घेतली जाते का? आणि पहिल्या वर्षी व्याज भरून उरलेली रक्कम थेट मुद्दलात टाकावी, की आधी तीन-चार महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक आवर्ती ठेवीत साठवावी?